डाव संपतो तेव्हा

संकेत,

दूध तापवून ठेवलंय. गच्चीवरच्या चादरी काढ. काल दुपारी वीज गेली ते बरं झालं.

कॉम्प्युटर बंद पडला म्हणून तू आमच्याबरोबर कॅरम खेळलास, हरलास आणि पोटभर हसलास. कॉम्प्युटरवरच्या त्या गेममध्ये तू जिंकलास तरी हसत नाहीस, लगेच पुढची लेव्हल लावतोस. कॅरमच्या सोंगट्या संपतात, मग कोणीतरी चहा टाकतं. तिथे काही संपतच नाही.

कॉम्प्युटरची वायर लपवलेली नाही. आम्ही मायलेकी, मी आणि उन्नती, गासला माझ्या मैत्रिणीच्या, लिडियाच्या वाडीत जातोय. ती मासळी तळणार आहे. फोनवर म्हणाली, "तुझा नवरा काय येत नाय." मी म्हटलं, येईल.

जेवायला ये.

सुरुची

तुला काल दिसलं, पण उन्नतीचा पुढचा दात मंगळवारीच पडला.