सव्वीस गोल

३ फेब्रुवारी
कॉलेजच्या पंचाहत्तर वर्षांतला मुलींचा सर्वोत्तम हॉकी संघ निवडणार आहेत. सेंटर फॉरवर्डसाठी दोनच नावं — मी, आणि सध्या खेळते ती लांब वेणीवाली. एका मोसमात माझे सव्वीस गोल, तिचे पंचवीस. तरी समितीतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक म्हणतात, "मॅडम, जुनी गोलवही एकदा बघायला हवी." बेचाळीस वर्षं कुणाला बघावीशी वाटली नाही. आत्ताच का?

६ फेब्रुवारी
वही कॉलेजात नाही. ग्रंथपाल म्हणे, गेल्या महिन्यात कुणीतरी नेली. नोंद नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

७ फेब्रुवारी
हे चिमणीचंच काम. माझ्या शेजारी राइट इनला खेळायची. आता समितीत आहे. बैठकीत म्हणाली, "आजच्या मुली आपल्यापेक्षा सरस आहेत." माझ्याकडे न बघता! वहीचं खूळही तिनंच काढलं असणार.

नवऱ्याला सांगितलं. आमच्या सामन्यांचे गोल तेव्हा हाच लिहून ठेवायचा. "सोड ना आता," म्हणाला आणि पेपरात तोंड खुपसलं.

१० फेब्रुवारी
सराव बघायला गेले. खोटं कशाला लिहू — खोट काढायलाच गेले. यांना काचेसारखं सपाट कृत्रिम मैदान, हलक्या स्टिक. आम्ही ढेकळांवर खेळलो. चेंडू कुठे उसळेल देव जाणे. तुलना करायची तरी कशी?

पण वेणीवाली अगदी गोलच्या तोंडाशी आली आणि चेंडू शेजारणीला दिला. स्वतः मारू शकली असती. मी नसता दिला.

१२ फेब्रुवारी
वही सापडली. नवऱ्याच्या कपाटात, स्वेटरांखाली.

वही त्याच्यासमोर धरली. मग म्हणाला, "निवडीचं कानावर आलं तेव्हाच उचलून आणली. गोलपुढच्या गर्दीतले दोन गोल होते. स्टिक चिमणीची लागली होती. मी तुझं नाव लिहिलं. तू माझ्याकडे ढुंकून बघत नव्हतीस तेव्हा."

आणि मी? गर्दीत कुणाची स्टिक लागली, मला कळलं नव्हतं. वहीत माझं नाव दिसलं, मी विचारलंही नाही.

रात्री वही उघडून गोल पुन्हा मोजले.

१३ फेब्रुवारी
प्राध्यापकांना कळवलं — सव्वीस नाही, चोवीस. मग चिमणीला फोन करून सगळं सांगितलं.

 ती म्हणाली, "मी इतकी वर्षं समजत होते, तूच त्याला लिहायला लावलंस."