एका बोटाने टाइप केलेलं पत्र

४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

प्रदर्शनाचं आमंत्रण आणि माहितीपत्रक पोचलं. अण्णांच्या तराजूच्या कारखान्याची कागदपत्रं मी वाळवीपासून वाचवली, अठ्ठावीस खोकी अभिलेखागाराला मीच दिली. आणि दर्शनी कपाटात काय मांडलंय, तर अण्णांनी तुला वसतिगृहावर पाठवलेली पत्रं! पाटी म्हणे ‘प्रेमळ पित्याची पत्रे’.

बारा वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलावर बसून मी टायपिंग केलं. मला त्यांनी दोन ओळी लिहिल्या नाहीत. समोर बसलेल्या माणसाला कोण पत्र लिहितं म्हणा! पण हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?

उद्घाटनाला येत नाही. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण कारण तेवढंच नाही. लोभ आहेच, आज जरा पातळ आहे.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न.

अभिलेखागारातल्या बाईंनी आज मला सातवं खोकं दाखवलं. मला आलेल्या प्रत्येक पत्राची कार्बन प्रत त्यात आहे आणि प्रत्येकीला अण्णांच्या अक्षरातली चिठ्ठी टाचलेली: ‘धाकटीला काहीतरी लिही. सही करतो.’

म्हणजे ‘मैत्रिणीशी भांडलीस तर आधी जेव, मग रड’ हे तुझं! मी माझ्या मुलींना ते अण्णांचं म्हणून सांगत आले. आधी तुझा राग आला, माझे अण्णाच काढून घेतलेस. मग तुझा हेवा वाटला. माया करायचं कामसुद्धा त्यांनी विश्वासाने तुझ्यावर सोपवलं.

पाटी बदला, असं बाईंना सांगितलंय. तुझी परवानगी हवी म्हणतात. लवकर कळव, आणि रागावली असलीस तरी कळव.

धाकटी

१७ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पाटीचं तुला योग्य वाटेल ते कर. पण आधी हे वाच.

एकदा मी आठवडाभर तापाने आजारी होते. तेव्हा अण्णांनी एका बोटाने टाइप करून तुला स्वतः पत्र लिहिलं. मी कामावर आल्यावर बंद पाकीट माझ्या हातात दिलं, मीच टाइप केलंय, पोस्टात टाक म्हणाले. मी टाकलं नाही. त्यांचं खरं पत्र मिळालं असतं, तर माझी तुला बेचव लागली असती. एकतीस वर्षं ते माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. उघडायचा धीर झाला नाही.

सोबत पाठवते आहे. माफ करणं जमेल तेव्हा कर, घाई नाही.

ताई

२२ मार्च

ती. ताईस,
सा. न.

पाकीट उघडलं. अर्धी अक्षरं चुकलेली, जेमतेम सहा ओळी. माझी चौकशी पहिल्या ओळीत संपते. पुढे लिहिलंय: ‘थोरली तापाने झोपून आहे. समोरची खुर्ची रिकामी दिसते, कामात लक्ष लागत नाही. तिला हे बोलून दाखवता येत नाही, म्हणून तुला लिहितो.’

आयुष्यात त्यांनी मला एकच पत्र स्वतः लिहिलं, तेही तुझ्याबद्दल. इतकी जळले, की दोन दिवस मीसुद्धा ते ड्रॉवरमध्ये दडवून ठेवलं.

पाटीवर आता ‘सही वडिलांची, शब्द थोरल्या मुलीचे’ असं आहे. बाईंना हे पत्रही कपाटात हवं होतं. मी दिलं नाही. सोबत जोडलंय. ते तुझं आहे, ताई. सावकाश वाच, आणि आधी जेव.

तुझीच,
धाकटी