दिवा कोणी काढला

बुधवार, संध्याकाळ

आत्ताच इंदरगंजहून आले. तिथल्या केबल चॅनेलनं चौथ्यांदा बारसं केलं, त्याचा समारंभ होता. आधी नगरदीप, मग एनडी सिटी, मग एनडी प्लस आणि आता नुसतं 'एन'. बातम्या मात्र त्याच: नळाला पाणी नाही आणि कुणाचा तरी सत्कार.

पडद्यावर जुने लोगो दाखवले. पहिला दिवा माझा. शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हा काढलेला, ज्योत डावीकडे झुकलेली. खाली काय लिहिलं होतं? 'संकल्पना : आमचे संस्थापक'. त्या माणसाला धड सरळ रेघ मारता येत नव्हती!

त्यांचा मुलगा गौरव आता मालक आहे. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, हा दिवा मी काढलाय."

तो हसला. "काकू, पप्पांचं नाव राहू द्या ना. इमोशनल लगता है."

इमोशनल म्हणे! मी डावखुरी, म्हणून ती ज्योत तशी वळली. याच्या पप्पांना ती कधी दिसली तरी होती का?

मग त्यानंच माझ्या हातात माइक दिला. "दो शब्द बोलिए." सगळे बघत होते. आता सांगावं, असं ठरवून उठले. आणि बोलले काय? "संस्थापकांची दृष्टी थोर होती." टाळ्या पडल्या. पुष्पगुच्छही घेतला मी, हसून.

गौरव खोटं बोलला ते बापासाठी. मी कोणासाठी बोलले?