चेंबरमधली उघाडी

बाबा, गेल्या सोमवारी सकाळी देवळात पिंडीवर पाणी घातलं आणि ते पन्हळीकडे कसं धावतं तेच बघत राहिलो. हात जोडायचे राहूनच गेले. शेवटी मागच्या बाई म्हणाल्या, "दादा, दर्शन झालं असेल तर सरकता का?" तिथून अंबरनाथच्या शेडमध्ये आलो तरी डोक्यात तेच पाणी.

तुम्ही गेलात तेव्हा मी खिडक्यांच्या जाळ्या वेल्ड करत होतो. आता शर्यतीच्या गाड्यांची कामं करतो. इंजिनाच्या तळाला तेलाचं भांडं असतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. पंप तिथूनच तेल ओढतो. गाडी भरधाव वळली की ते तेल एका अंगाला चढतं आणि पंपाच्या तोंडाशी नुसती हवा उरते. तेवढ्यात बेअरिंग जळून जातं. उल्हासनगरच्या एका सेठचं इंजिन असंच वळणावर जाम झालं, गाडी गरकन फिरून आडवी थांबली. आत त्याची मुलगी होती. तिला खरचटलंही नाही, आणि ती पुन्हा चालवणार आहे. सेठ माझ्यासमोर स्टुलावर बसून होता. तो म्हणाला, "मास्टर, पोरीला 'ना' बोलायला मला जमत नाही. तुम तेल को ना बोलो."

मी पंपाच्या तोंडाभोवती पत्र्याची चौकट उभी केली, चारही बाजूंना फक्त आत उघडणारी झडप. तेल आत येईल, वळणावर बाहेर पळणार नाही. करता करता हात थांबला. बाबा, ही तर तुमची उघाडी. खाडीच्या बांधातली ती फळी, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला खारं पाणी अडवणारी. आगोटीला, पावसाच्या तोंडावर, तुम्ही तिला कुंकू लावायचात.

पण माझा झडपांवर भरवसा बसेना. घट्ट मिटून राहाव्यात म्हणून प्रत्येकीला स्प्रिंग लावली. गाडी फिरवून पाहिली तर तेलाच्या दाबाचा काटा आधीपेक्षा लवकर पडला. दार इतकं आवळलं होतं की वरून परतणारं तेल आतच येईना. मग नरम स्प्रिंग, मग त्याहून नरम. काटा पडतोच. कात्रपला घरी जेवताना ताट तिरकं करून आमटी बघत होतो, तर तुमची सून म्हणाली, "आधी जेवा. आमटीची शर्यत मग लावा."

आणि मला ती भरती आठवते. मी शाळेतून थेट बांधावर आलोय. पाणी चढतंय. फळी नीट मिटणार नाही या भीतीने मी तिला पाठ लावून चिखलात पाय रोवून उभा आहे, आणि माझीच टाच फळी आणि चौकटीच्या मधे आहे. खारं पाणी तिथूनच आत शिरतंय. तुम्ही ओरडत नाही. खाली उतरता, मला काखेत धरून उचलता.

"पानी आपला दार आपनच लावतं रं. तू मदी उभा ऱ्हायलास तर कसा लागंल?"

फळी धपकन बसली. मला तुमचा रागच आला होता. मी शेत वाचवत होतो ना.

आज सकाळी चारही स्प्रिंगा काढल्या. झडपा नुसत्या बिजागरीवर ठेवल्या, बोटाने हलवून पाहिल्या, नमस्कार केला आणि चेंबर बसवलं. मोकळ्या मैदानात त्या मुलीने गोल गोल गाडी फिरवली. काटा हलला नाही. पण मैदान वेगळं आणि शर्यतीचं वळण वेगळं. सेठने विचारलं, "मास्टर, नेऊ ना?" मी किल्ली त्याच्या हातात दिली.

हे पत्र आता शेडमधल्या देवाच्या फोटोमागे ठेवतो. तीन स्प्रिंगा भंगारात टाकल्या. चौथी खिशात आहे, लिहिता लिहिता बोटाने दाबतोय.