चोवीस दिवे आणि एक स्कूटर

सोमवार, ८ मे

शुक्रवारी सिदेरिसच्या हृदयाचं ऑपरेशन. तो शनिवारच्या बोटीने अथेन्सला गेला, सोबत त्याची बहीण. मला नेलं नाही. म्हणाला, "तू डॉक्टरांशी भांडशील." भांडले असते.

आज घरातल्या देवाच्या तसबिरीसमोर नवस बोलून बसले. शुक्रवारच्या आत बेटावरच्या चोवीसही चर्चमध्ये तेलाचा दिवा लावीन, माझा नवरा परत दे. बोलून झाल्यावर आठवलं की अर्धी चर्चं डोंगरापलीकडे आहेत, बस जुलैशिवाय सुरू होत नाही आणि माझे गुडघे वरच्या गल्लीपर्यंतसुद्धा जात नाहीत. बोललेलं मागे घेता येत नाही. सिदेरिसच्या जिवाशी तर नाहीच.

लिहून ठेवते आहे, नाहीतर कुठलं झालं आणि कुठलं राहिलं याचा गोंधळ होईल.

मंगळवार, ९ मे

सारांतिसकडून स्कूटर भाड्याने घेतली. तो परदेशी पर्यटकांना देतो तीच, लाल.

"मावशी, लायसन?"

"माझ्या झाडाची अंजिरं चोरायचास तेव्हा मी लायसन मागितलं होतं का?"

"चालवता येते का पण?"

"सिदेरिसची तीनचाकी चालवते. ही तर एक चाक कमी."

त्याने किल्ली पुढे केली. मी सिदेरिसची पँट घालून आले होते, म्हणून असेल.

पहिल्याच वळणावर कण्हेरीत घुसले. तेलाची बाटली शाबूत, कोपर सोललं. बंदरावरचं संत निकोलास, दोन दफनभूमीतली, एक गिरणीमागचं, एक समुद्रावरचं. पाच झाली.

बुधवार, १० मे

आज दहा, एकूण पंधरा! डोंगर ओलांडला. एक्कावन्न वर्षांची झाले, बेटाची ती बाजू कधी पाहिली नव्हती. सिदेरिस बत्तीस वर्षं म्हणतोय, नेतो, नेतो. मासे वाट बघत नाहीत म्हणे.

तिकडच्या बायका फार चौकस. दिवा लावून बाहेर आलं की कॉफी आणि खुर्ची तयार. "कोणाची गं तू? तो उंच सिदेरिस? आणि ही पँट त्याचीच वाटतं?" सहा कॉफ्या झाल्या. सातव्या बाईला म्हटलं, माझंच ऑपरेशन करायला लावशील. तर तिने वर बदामाची मिठाई आणली.

मग तो उतार. वरून खाली थेट समुद्रापर्यंत. आधी ब्रेक दाबून धरला होता, मग सोडला. वारा पँटमध्ये शिरून दोन्ही पाय फुगे झाले. मी ओरडत होते. भीतीने नव्हे.

खाली पोचल्यावर लक्षात आलं, तासभर मला सिदेरिस आठवलाच नाही. त्याची छाती फाडणार आहेत आणि ही बाई उतारावर किंचाळतेय. इथे लिहिते, कारण वर कळलंच असेल.

गुरुवार, ११ मे

सकाळीच फादर लेफ्तेरिसना गाठलं. टोमॅटोला काठ्या बांधत होते.

"फादर, नवस फेडताना मजा आली तर तो फळतो का?"

"कसली मजा?"

"उताराची."

त्यांनी दाढीत बोटं घातली. "देवाने उतार कशासाठी केलेत, कालोतिना?"

"पाणी जायला."

"मग तूही जा. आणि हॉर्न कमी वाजव, कोंबड्या अंडी देईनात."

माझं समाधान झालं नाही. म्हणून डोंगरमाथ्यावरच्या संदेष्टा एलीयाच्या चर्चकडे स्कूटर खाली ठेवून चढले. तीनदा बसले, एकदा रडले. आता मजेचं उट्टं निघालं असेल.

संध्याकाळपर्यंत तेवीस झाली. राहिलं संत पारस्केवीचं. त्याला कुलूप, आणि किल्ली आनेझिनाकडे. आठ वर्षं आमचं बोलणं नाही. माझ्या लेकीच्या लग्नात मटण कच्चं होतं असं तिने गावभर केलं होतं. पण उद्या शुक्रवार. गेले.

"किल्ली दे."

"आठ वर्षांनी तोंड उघडलंस ते किल्लीसाठी?"

"सिदेरिससाठी."

ती दारात आडवी. "मटण कच्चं होतं म्हण, मग देते."

मी राग गिळला. मग म्हटलं, "कच्चं होतं."

किल्ली दिली नाही, स्वतःच निघाली. म्हणे, तू तेल सांडशील. स्कूटरवर मागे बसली, माझ्या कमरेला खेकड्यासारखी धरून. वळणावर कानाशी पुटपुटली, "तसं फार कच्चं नव्हतं."

चोवीस झाली.

शुक्रवार, १२ मे

नऊला आत नेलं. एक वाजला. फोन नाही.

शुक्रवार, चार वाजता

नणंदेचा फोन आला. सुखरूप. मी कोंबड्यांच्या पाण्याच्या घमेल्यात बसले. बसायचं होतं खुर्चीत.

सोमवार, १५ मे

सिदेरिस स्वतः बोलला. आवाज मांजराच्या पिल्लाएवढा.

"रागावू नकोस. आत नेताना एक नवस बोललो. जगलो, तर तुला घेऊन सगळ्या चर्चमध्ये जाईन. चोवीसही. चालत. बरा झाल्यावर, सावकाश, वर्ष लागलं तरी चालेल. डोंगरापलीकडची बाजू तू बघितलीच नाहीस ना कधी. मला दाखवायचीय."

तो थांबला. धाप लागली होती.

"नाही," म्हटलं. "कुठे बघितलीय."

आता त्याची बोट यायच्या आत बेटावरची साडेतीनशे तोंडं बंद करायची आहेत. सुरुवात आनेझिनापासून.