चातुर्मासात सोडलेली गोळी

बोरिवली, शुक्रवार

शकुवन्संच्या चरणी विमलाचा नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? मुलुंडची लिफ्ट सुरू झाली, की सोसायटीची अजून मीटिंगच चालू आहे? इकडे मी बरी आहे. (म्हणजे आता बरी. तेच सांगते.)

तुमचे भाऊ गेल्यापासून मी उदासपणावर गोळी घेते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ती हल्ली लागू पडेना, तेव्हा डॉक्टर अस्मिताबाई म्हणाल्या, "आजी, पुढच्या भेटीत बदलू." तेवढ्यात चातुर्मास लागला. जोगेश्वरीच्या घरात सासूबाई सगळ्यांना ओळीत बसवून कोण काय सोडणार ते वदवून घ्यायच्या, आठवतं? त्यांनी वांगं सोडलं, ह्यांनी विडी (गच्चीवर जाऊन ओढायचे), आणि तुम्ही कारलं, जे जन्मात खाल्लं नव्हतंत! सासूबाईसुद्धा पदराआड हसल्या होत्या. यंदा देवापुढे एकटीच बसले. म्हटलं, गोळी तशीही जाणारच आहे, तीच सोडू. देवाचंही होईल आणि औषधाचा खर्चही वाचेल.

वन्सं, वाट लागली! आठवडा संपायच्या आत घर गरगरायला लागलं. मिक्सरच्या सैल वायरीला हात लागावा तसे डोक्यात बारीक झटके. गिरणीत नितेशने "काकी, जाडं की बारीक?" एवढंच विचारलं, तर मला हुंदकाच फुटला. बिचाऱ्याने दळणाचे पैसे घेतले नाहीत. (तेवढाच फायदा.)

शेवटी डॉक्टरबाईंकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "आजी, देवाने मागितली होती का? ही एकदम तोडायची नसते. आधी होती तशी सुरू करा, मग मी सांगेन तशी थोडी थोडी कमी करू, आणि नवी हळूहळू." मी विचारलं, उरलेल्या वाया जातील, नवीबरोबर संपवून टाकू का? त्यांनी हातच जोडले. दोन्ही आपल्या मनाने एकत्र घेतल्या तर हॉस्पिटल गाठावं लागेल म्हणाल्या. मग देवाची क्षमा मागून गोळीच्या बदल्यात दुपारची मालिका सोडली. (ती पुढच्या आठवड्यात संपतेच आहे.)

तुमची,
विमला

ता. क. जुनी कमी होत आलीय, नवी सोमवारपासून. सुरुवातीला मन खालीवर होतं, भलतंसलतं मनात आलं तर लगेच फोन करायला घरात कोणीतरी हवं, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं. "कोण आहे?" विचारल्यावर मी सांगून टाकलं, माझ्या नणंदबाई येतायत. मला खोटं पाडू नका.

आणखी एक. चार दिवसांचं पाहुणेपण नको, नवं औषध लागू पडेपर्यंत राहा. तुम्ही घोरता, ते मला मान्य आहे. पलीकडच्या खाटेवर कोणी घोरलेलं ऐकून वर्षं झाली.