आईच्या हातची दाशिमा

उल्सान,
१४ एप्रिल १९९६

ती. माल्सुनताईस,
म्योंगग्यूचा सा. न. वि. वि.

फोन आईच्या उशाशी असतो आणि तुझ्या नुसत्या हुंकारावरून ती सगळं ओळखते, म्हणून हे पत्र. वाळवणाच्या मैदानावर एकटी असशील तेव्हा वाच.

उन्सिलला तिसरा महिना सुरू आहे. तिचं रक्त तपासलं, तर गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंद चालते आहे असं निघालं. डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी अजून कामाला लागलेली नसते. तोवर मेंदू घडवायला लागणारा हार्मोन ते आईच्या रक्तातून घेतं. आईकडेच तो कमी पडला तर बाळ मागणार कुणाकडे? म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी. शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस मी, सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं.

मग त्यांनी खाण्यापिण्याचं विचारलं. मी ऐटीत सांगितलं, की आमची आई कुमिल बेटावर समुद्रात दाशिमाचा पाला पिकवते, सुनेला सकाळी त्या पानांचं पाणी असतं आणि रात्री त्यांचंच सूप. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आयोडीन थोडं लागतंच, पण या समुद्रातल्या पानांत ते इतकं असतं की दमलेली ग्रंथी कामच टाकून देते, आणि पुढे बाळाच्या ग्रंथीचीही तीच गत होऊ शकते. आजपासून बंद.

ताई, आईची पानं आईच्याच नातवंडाला बाधतील, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? मी फोनवर सांगणार आहे, की उन्सिलला दाशिमाच्या वासानेच उलटी होते. डोहाळ्यांवर कुणी रागवत नाही. तूही तेच सांग.

माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर हरकत नाही.
तुझा धाकटा,
म्योंगग्यू


कुमिल,
५ मे १९९६

चि. म्योंगग्यूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी थाप चालली. आई म्हणाली, शहरातल्या पोरींची नाकं फार नाजूक, आम्ही तर दाशिमाच्या ढिगावर बसून कळा दिल्या. मग गप्प झाली. आई गप्प झाली की मला धडकी भरते, पण या वेळी तिने एवढंच केलं की सुनेसाठी सातूचं पीठ भाजायला घेतलं. जव, काळे सोयाबीन, भरपूर तीळ. मला कढईपाशी फिरकू दिलं नाही. म्हणाली, तुझ्या हाताला करपवण्याचा शाप आहे. पार्सल पाठवलंय. गार पाण्यात मध घालून कालव.

आणि तू जरा शांत राहा. उन्सिल फोनवर सांगत होती, की गोळी घेतल्यावर तू तिला आ करायला लावतोस, बाजारात बैलाचे दात बघतात तसा. सांगताना हसली, पण हसण्यात जीव नव्हता. तिला जप. इकडे कापणीची घाई आहे, बोटं मिठाने चिरली आहेत, म्हणून आटोपतं घेते.

आठवण ठेव, तेवढंच मागणं.
माल्सुन


उल्सान,
९ जून १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुसरी तपासणी आली आणि पहिल्यापेक्षा वाईट आली. उन्सिलचा चेहरा सुजतो, उन्हाळ्यात तिला थंडी वाजते, आवाज जड झालाय. बाळ महिन्यांच्या मानाने थोडं लहान दिसतंय. बाईंनी गोळी वाढवली आणि विचारलं, की दाशिमा नक्की बंद आहे ना. मी शपथ घेतली.

घरी येऊन मात्र माझं डोकं फिरलं. मी उन्सिलला म्हणालो, तू गोळ्या थुंकून टाकतेस.  ती भिंतीकडे तोंड करून एवढंच म्हणाली, की चोर शोधायचाच असेल तर स्वयंपाकघरात शोध, तिथे हल्ली तूच असतोस. दोन दिवस आम्ही बोललेलो नाही.

तिच्या पोटात आनंदाने जातं ते फक्त आईचं पीठ. सकाळ-संध्याकाळ मोठा वाडगाभर मी स्वतः कालवून देतो. संपत आलंय. आईला म्हणावं, अजून पाठव. झोप लागत नाही, ताई. लगेच लिही.

म्योंगग्यू


कुमिल,
१३ जून १९९६

म्योंगग्यू,

मायना राहू दे. ते पीठ फेकून दे. एक चमचाही तिला देऊ नकोस.

तुझं पत्र वाचून मी तशीच आईकडे गेले. ती खलबत्त्यात भाजलेली दाशिमा कुटत होती, फडक्याने वस्त्रगाळ करून पिठात मिसळत होती. मला बघून लाजली, म्हणाली, त्यांना सांगू नकोस, तिळाच्या वासात हा वास मरतो, नाकाला फसवलं म्हणजे झालं, पोटाला हवं ते मिळतं.  उलटी होणाऱ्या सुनेच्या काळजीने करत होती बिचारी!

मी तिला काही सांगितलेलं नाही. थाप दोघांची असली तरी आधी तू मारलीस, आता खरंही तूच सांग. आणि उन्सिलचे पाय धर.

माल्सुन


कुमिल,
२८ जून १९९६

चि. म्योंगग्यू आणि चि. सौ. उन्सिल यांना
आईचे आशीर्वाद.

त्या दिवशी तू खरं सांगितलंस आणि मी फोन मध्येच ठेवला, तो रागाने नव्हे. 

दोन दिवस मैदानावर गेले नाही. मग होडीने पलीकडच्या दवाखान्यात गेले. तिथला डॉक्टर म्हणजे कालचं पोर, पण बोलला तुमच्या बाईंसारखंच. मी विचारलं, बाळंतपणानंतर आमच्याकडे बाळंतिणीला समुद्रपाल्याचंच सूप घालतात, त्याचं काय? म्हणाला, हिला नको, दुधातून बाळाला जाईल. तेव्हा आधीच सांगून ठेवते, मी येऊन मुळा आणि गोमांसाचं सूप करीन. बेटावरच्या बायका हसू लागल्यात, की दाशिमावालीची सून मुळ्यावर. हसू देत. त्यांची तोंडं बंद करण्यापेक्षा माझ्या सुनेचा गळा मोठा.

म्योंगग्या, मला वाईट वाटू नये म्हणून तू खोटं बोललास, आणि ते विष मी माझ्या हाताने कुटलं. मला हजारदा वाईट वाटू दे. पण पोटात बाळ असताना माझं मन राखायला जाऊ नकोस. सूनबाई, तू तरी माझ्याशी खरं बोलत जा. बाळ हलतं का, ते कळव. दुसरं काही लिहू नकोस.

तुमची,
आई


उल्सान,
१७ नोव्हेंबर १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुलगी झाल्याचं तुला फोनवर कळलंच आहे. वजन जरा कमी भरलं, पण रडणं बंदरावरच्या भोंग्यासारखं.

तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेऊन तिच्या ग्रंथीच्या तपासणीला पाठवलं. निकाल येईपर्यंत आमचं घर म्हणजे नुसता रोखलेला श्वास होता. आईने सूप केलं, दुपटी धुतली, मला झाडलं. उन्सिलने सूप अळणी आहे असं तोंडावर सांगितलं, तर आई खूश झाली. पण बाळाला मात्र तिने हात लावला नाही. उचल म्हटलं की म्हणायची, हात ओले आहेत. मी टॉवेल पुढे केला, तर भांडी घासायला बसली.

आज सकाळी दवाखान्यातून फोन आला. सगळं ठीक आहे. बाळाची ग्रंथी स्वतःचं काम स्वतः करते आहे. मी आईला ते मोठ्याने सांगितलं, तरी तिने मलाच पुन्हा फोन करायला लावला, कानाला लावून स्वतः ऐकलं, आणि पलीकडच्या नर्सला वाकून नमस्कार केला.

मग तिने हात पुसले. दुपारपासून बाळ तिच्या मांडीवर आहे. उन्सिल दूध पाजायला मागते आहे, तरी आई देत नाही.

तू लवकर ये. तुझ्या वाट्याला बाळ येईल की नाही, हे मात्र खात्रीने सांगत नाही.

तुझाच,
म्योंगग्यू